कर्तन भिंत
कर्तन भिंत अर्थात शिअर वॉल : भूकंप व वारा यांचा आडवा जोर पेलण्यासाठी इमारतीत पायापासून माथ्यापर्यंत सलग उभारलेली, मुख्यतः प्रबलित काँक्रीटची भिंत. प्रत्येक मजल्याचा स्लॅब आडवा भार या भिंतीकडे देतो आणि ती पायात रोवलेल्या उभ्या तुळईसारखी वाकून तो जमिनीत उतरवते. वाकताना एका कडेला ताण, दुसरीला दाब येतो. भूकंपात हे क्षणोक्षणी उलटते. म्हणून दोन्ही कडांना उभ्या सळ्या जास्त आणि रिंगा जवळजवळ घालतात. भिंती दोन्ही दिशांना, शक्यतो सममित हव्यात. लिफ्टभोवतीची एकच भिंत कोपऱ्यात पडली, तर इमारत पिळवटते. २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादेत पार्किंगसाठी तळमजला मोकळा सोडलेल्या, खांबांवर उभ्या अनेक इमारती कोसळल्या. असा मोकळा तळमजला कमकुवत राहतो; म्हणून कर्तन भिंत तळमजल्यावर तोडणे सर्वांत घातक.