सतरा वर्षांनंतरचा सूर : ‘इंडस क्रीड’चे पुनरागमन आणि ‘इव्हॉल्व्ह’

पुनरागमन हा शब्द संगीताच्या क्षेत्रात फार सैलपणे वापरला जातो. एखादा विसर्जित बँड एका संध्याकाळपुरता एकत्र आला, चार जुनी लोकप्रिय गाणी वाजवून घरी परतला, तरी त्याचा गाजावाजा पुनरागमन म्हणूनच होतो. श्रोतेही त्यात समाधान मानतात, कारण त्यांना आपले तारुण्य तासाभरापुरते परत मिळालेले असते. त्याहून कितीतरी अवघड असते ते नवी गाणी घेऊन परतणे. तेथे जुन्या पुण्याईचा उपयोग फारसा होत नाही. उलट जुन्याशी तुलना होऊन अपेक्षाभंगच व्हायचा संभव अधिक. मुंबईच्या ‘इंडस क्रीड’ या बँडने २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम प्रसिद्ध करून हा दुसरा मार्ग पत्करला. त्यांचा त्यापूर्वीचा अल्बम १९९५ मधला होता. मधल्या सतरा वर्षांत बँड विसर्जित झाला, सदस्य पांगले, मुंबईतील रॉक संगीताचे हक्काचे व्यासपीठ बंद पडले आणि ज्या वाहिन्यांनी या मंडळींना घराघरांत नेले होते त्यांनीही पाठ फिरवली. या पार्श्वभूमीवर ‘इव्हॉल्व्ह’ची कहाणी एका बँडपुरती राहत नाही. चित्रपटसंगीताबाहेर राहून स्वतःची गाणी रचणाऱ्या कलावंताला आपल्याकडे किती काळ तग धरता येतो, या प्रश्नाशी ती येऊन भिडते.

‘रॉक मशीन’चा जन्म

या बँडचे मूळ नाव ‘रॉक मशीन’. १९८४ मध्ये मुंबईत त्याची स्थापना झाली. गिटारवादक महेश तिनईकर आणि बेस गिटारवादक मार्क सेल्विन हे त्याचे आरंभीचे आधारस्तंभ. पुढे गायक म्हणून उदय बेनेगल, गिटारवर जयेश गांधी आणि की-बोर्डवर झुबिन बालापोरिया अशी मंडळी जमली. त्या काळात रॉक बँड म्हणजे परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवणारा संच, असेच समीकरण रूढ होते. महाविद्यालयीन महोत्सवांतून श्रोत्यांची फर्माईश ‘डीप पर्पल’ किंवा ‘लेड झेपेलिन’ची असे आणि जो बँड मूळ ध्वनिमुद्रिकेच्या जास्तीत जास्त जवळ जाईल तो श्रेष्ठ मानला जाई. अशा वातावरणात स्वतः रचलेली गाणी मंचावर मांडणे हे धाडसच होते. ‘रॉक मशीन’ने ते केले आणि त्यावर न थांबता १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम प्रसिद्ध केला. १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हा दुसरा अल्बम आला.

‘रॉक मशीन’चे संगीत प्रामुख्याने हार्ड रॉक या वळणाचे होते. गिटारचे जोरकस तुकडे, समूहाने म्हणता येईल असे ध्रुवपद आणि मंचावरील उत्साह हे त्याचे विशेष. ‘टॉप ऑफ द रॉक’ आणि ‘प्रिटी चाइल्ड’ ही त्यांची गाणी त्या पिढीतील अनेकांच्या स्मरणात आहेत. १९९१ मध्ये ‘स्टार’च्या माध्यमातून उपग्रह वाहिन्या भारतात आल्या आणि त्यांच्यासोबत एमटीव्हीही आली. परदेशी बँडच्या चित्रफितींच्या रांगेत मुंबईचा एक बँड दिसू लागला, ही घटना शहरी तरुणांना सुखावणारी होती.

नाव बदलण्याचा निर्णय

१९९३ मध्ये बँडने आपले नाव बदलून ‘इंडस क्रीड’ असे केले. इंडस म्हणजे सिंधू. क्रीड म्हणजे श्रद्धा किंवा पंथ. जगाच्या पाठीवर कोठेही शोभेल असे ‘रॉक मशीन’ हे नाव टाकून आपल्या भूमीची खूण सांगणारे नाव घेण्यामागे संगीतातील बदलाचा संबंध होता. जमलेली ओळख पुसून नव्याने सुरुवात करणे व्यवसायाच्या दृष्टीने जोखमीचे होते. १९९५ मध्ये आलेल्या ‘इंडस क्रीड’ याच नावाच्या अल्बममध्ये भारतीय तालवाद्यांचे आणि सुरावटींचे अंश आले, गीतांचा आशय अधिक गंभीर झाला. ‘ट्रॅप्ड’ हे त्यातील विशेष गाजलेले गाणे.

येथे ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ या संज्ञेचा थोडक्यात उलगडा करणे उचित ठरेल. १९८० च्या दशकात अमेरिकेत छोट्या, स्वतंत्र ध्वनिमुद्रिका कंपन्या आणि महाविद्यालयांची नभोवाणी केंद्रे यांच्या आधाराने एक संगीत वाढले. मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत रॉकला पर्याय म्हणून त्याला हे नाव पडले. १९९१ मध्ये ‘निर्वाणा’चा ‘नेव्हरमाइंड’ आणि ‘पर्ल जॅम’चा ‘टेन’ हे अल्बम आले आणि हा पर्यायच मुख्य प्रवाह बनला. भारतात मात्र परिस्थिती निराळी होती. येथे मुख्य प्रवाह म्हणजे चित्रपटसंगीत. त्यामुळे इंग्रजीतून स्वतःचे गाणे रचणारा कोणताही बँड आपोआपच पर्यायी ठरत होता आणि त्याला आधार देणारी छोटी कंपनी किंवा महाविद्यालयीन नभोवाणी मात्र उपलब्ध नव्हती.

उतरती कळा

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वाऱ्याची दिशा बदलली. १९९२ मधील बाबा सेहगलचे ‘ठंडा ठंडा पानी’ आणि १९९५ मधील अलिशा चिनॉयचे ‘मेड इन इंडिया’ यांच्या यशाने कंपन्यांचे लक्ष हिंदी पॉपकडे वळले. १९९४ मध्ये चॅनेल व्ही आणि १९९६ मध्ये एमटीव्हीची भारतीय वाहिनी सुरू झाली. स्पर्धा वाढली तशी या वाहिन्यांची भाषा हिंदी झाली आणि त्यांच्यावर चित्रपटगीतांचा वाटा वाढत गेला. इंग्रजी रॉकसाठी उघडलेली खिडकी काही वर्षांतच अरुंद झाली. १९९७ मध्ये ‘इंडस क्रीड’ विसर्जित झाला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी यांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये ‘आम्स फॉर शांती’ हा निराळ्या वळणाचा संच उभा केला. इतरांनी आपापले मार्ग निवडले.

दुसरा आघात साऱ्या मुंबईच्या रॉक संगीतावरच झाला. धोबीतलाव येथील रंगभवन हे खुले नाट्यगृह या संगीताचे माहेरघर होते. १९८६ पासून सुरू झालेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या महोत्सवाच्या आठवणी याच जागेशी निगडित आहेत. मात्र शेजारी सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि जवळच रुग्णालये, अशी या जागेची स्थिती होती. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या सभोवतालच्या शंभर मीटर परिसराला शांतता क्षेत्राचा दर्जा मिळू लागला. रुग्णाच्या झोपेचा हक्क नाकारता येण्याजोगा नव्हताच. परंतु त्या बदल्यात शहराने दुसरी परवडणारी, मध्यवर्ती जागा दिली नाही, आणि रंगभवनावरील मैफली बंद पडल्या.

पनवेलकडच्या श्रोत्यांच्या दृष्टीने या घटनाक्रमात एक विचित्र योगायोग आहे. उपनगरी रेल्वेचा हार्बर मार्ग पनवेलपर्यंत पोहोचला तो १९९८ मध्ये. तोवर कर्नाळ्यासारख्या गावातील एखाद्या तरुणाला रंगभवनावरील मैफलीला जायचे म्हणजे एसटी, मग लोकल आणि रात्री परतीची चिंता अशी यातायात होती. छत्रपती शिवाजी टर्मिनसपर्यंत थेट लोकल मिळू लागली, तेथून रंगभवन चालत काही मिनिटांच्या अंतरावर. पण तोपर्यंत ‘इंडस क्रीड’ उरला नव्हता आणि थोड्याच वर्षांत रंगभवनही शांत झाले. पुढे भव्य मैफली नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होऊ लागल्या. डिसेंबर २०१९ मध्ये ‘यू-टू’ आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ तेथे वाजवून गेले. पनवेलकरांसाठी अंतर कमी झाले खरे. मात्र त्या प्रचंड मैदानात स्थानिक बँडला स्वतःच्या बळावर उभे राहता येत नाही. हजार-दोन हजार श्रोत्यांची मधली पायरीच नाहीशी झाली होती.

पुन्हा एकत्र

२०१० मध्ये ‘इंडस क्रीड’ पुन्हा एकत्र आला. तोवर परिस्थिती काहीशी पालटली होती. २००७ च्या अखेरीस लोअर परळच्या गिरणीच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झाले होते आणि तेथे मूळ रचना वाजवणाऱ्या बँडना नियमित संधी मिळत होती. २०१० च्या डिसेंबरमध्ये पुण्यात ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ महोत्सवाचा प्रारंभ झाला. परदेशी गाण्यांची नक्कल करणाऱ्यांना आता फारसा मान उरला नव्हता. स्वतःचे गाणे हीच बँडची ओळख मानली जाऊ लागली होती. म्हणजे ‘रॉक मशीन’ने पंचवीस वर्षांपूर्वी धरलेला आग्रह आता सर्वमान्य झाला होता.

नव्या संचात जुन्यांपैकी तिघे होते : उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया. त्यांच्या जोडीला बेस गिटारवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे तरुण पिढीचे वादक आले. ही निवड महत्त्वाची ठरली. रॉक संगीतात ताल आणि खर्जाचा पाया बदलला की इमारतीचा तोलच बदलतो. नव्वदनंतरचे संगीत ऐकत वाढलेले हे दोघे जुनी गाणी जशीच्या तशी वाजवण्यासाठी आलेले नव्हते.

‘इव्हॉल्व्ह’चे स्वरूप

‘इव्हॉल्व्ह’मध्ये आठ गाणी आहेत. ‘फायरफ्लाइज’, ‘डिझॉल्व्ह’, ‘द मनी’, ‘टेक इट हार्डर’ ही त्यातील काही. शीर्षकाचा अर्थ उत्क्रांत होणे, आणि तो अल्बमला लागू पडतो. ऐंशीच्या दशकातील उसळता उत्साह येथे नाही. गिटार आणि की-बोर्ड यांचे थर सावकाश रचले जातात, गाणे आपला वेळ घेते आणि बेनेगल यांचा आवाज उंच स्वर दाखवण्यापेक्षा शब्दांकडे अधिक लक्ष देतो. १९९५ च्या अल्बमप्रमाणे भारतीयत्वाची खूण म्हणून भारतीय वाद्ये पुढे मांडण्याचा आग्रहही यात दिसत नाही. आपण कोठले, हे सिद्ध करण्याची गरज आता बँडला वाटत नसावी.

ध्वनिमिश्रणाची जबाबदारी टिम पामर यांच्याकडे सोपवण्यात आली. ‘पर्ल जॅम’च्या ‘टेन’चे मिश्रण करणारे हेच पामर, ‘यू-टू’सोबतही त्यांनी काम केले आहे. ध्वनिमिश्रण म्हणजे स्वतंत्रपणे मुद्रित केलेले प्रत्येक वाद्य आणि आवाज यांची पातळी, जागा आणि पोत ठरवून त्यातून एकसंध गाणे घडवणे. चित्रपटगीतात बहुधा गायकाचा आवाज सर्वांच्या पुढे असतो. रॉकमध्ये आवाज, गिटार आणि ड्रम्स यांना जवळपास समान तोलाने उभे करावे लागते आणि तरीही शब्द हरवू द्यायचे नसतात. १९८८ मध्ये मुंबईतील स्टुडिओंची घडण चित्रपटसंगीताच्या गरजांनुसार झालेली होती. त्यामुळे बँडचे आरंभीचे अल्बम आणि ‘इव्हॉल्व्ह’ लागोपाठ ऐकल्यास दोन्हींमधील ध्वनीचा फरक सामान्य श्रोत्यालाही जाणवतो.

अल्बम आला तो काळही संक्रमणाचा होता. सीडींची दुकाने मिटत चालली होती. ‘फ्लिपकार्ट’ने फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरू केलेली ‘फ्लाइट’ ही गाणी विकण्याची सेवा पुढच्याच वर्षी बंद झाली, तर ॲपलचे आयट्यून्स दुकान भारतात डिसेंबर २०१२ मध्ये उघडले. गाणे विकत घेऊन ऐकण्याची सवय मोडली होती आणि मासिक वर्गणी भरून ऐकण्याची सवय अद्याप लागायची होती. अशा वेळी आठ गाण्यांचा, सलग ऐकावा असा अल्बम काढण्यात आर्थिक हिशेब फारसा असू शकत नाही.

पुनरागमनाचे मोल

जगभरात अशी उदाहरणे आहेत. गायक लेन स्टेली यांच्या २००२ मधील मृत्यूनंतर ‘ॲलिस इन चेन्स’ने नव्या गायकासह २००९ मध्ये अल्बम काढला, तो चौदा वर्षांनी. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ने १९९१ नंतरचा पुढचा अल्बम २०१३ मध्ये दिला. ‘फेथ नो मोअर’ १९९७ नंतर २०१५ मध्ये नव्या गाण्यांसह परतला. मात्र या बँडच्या गैरहजेरीतही त्यांच्या ध्वनिमुद्रिका बाजारात होत्या, त्यांच्यावर लिहिले जात होते. ‘इंडस क्रीड’ला हा आधार नव्हता. ज्यांनी त्यांना ऐकले होते ती पिढी संसाराला लागली होती आणि नव्या पिढीला त्यांचे नाव बहुधा ऐकूनच ठाऊक होते. दोन्ही श्रोतृवर्गांसमोर त्यांना नव्याने परीक्षा द्यावी लागली.

‘इव्हॉल्व्ह’ने भारतीय संगीताचा मुख्य प्रवाह बदलला नाही. चित्रपटसंगीताचे वर्चस्व कायम राहिले. ‘ब्लू फ्रॉग’चे मुंबईतील दालनही २०१६ मध्ये बंद झाले. परंतु ज्या मंडळींनी चाळिशी ओलांडल्यावर जुन्या टाळ्यांवर समाधान मानले असते तरी कोणी दोष दिला नसता, त्यांनी नवे गाणे लिहिणे पसंत केले. परकी गाणी वाजवण्याच्या काळात स्वतःचे गाणे वाजवण्याचा जो हट्ट १९८४ च्या त्या तरुणांनी धरला होता, तो १९९७ च्या विसर्जनाने संपला नव्हता. ‘इव्हॉल्व्ह’ हा त्याचा पुरावा आहे. त्यातील आठ गाणी सलग ऐकण्यासाठी आता धोबीतलावला जावे लागत नाही. थोडी सवड तेवढी काढावी लागते.