डाव मांडण्यापूर्वीचा ठराव

भुसावळनजीकच्या औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९६८ साली सुरू झाला, पुढे १९७९ आणि १९८२ मध्ये प्रत्येकी २१० मेगावॅटचे आणखी दोन संच त्याच्या जोडीला आले, आणि या वाढीबरोबर कोकण, वऱ्हाड, मराठवाडा व खुद्द खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून जी कुटुंबे दीपनगरच्या वसाहतीत राहावयास आली, त्यांनी भांड्याकुंड्यांबरोबर आणखी एक चीज आणली, जिची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही: पत्त्यांच्या आणि सोंगट्यांच्या खेळाचा आपापल्या गावचा कायदा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, या कायद्यांची खरी गाठ पडे. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, आणि एरवी पत्त्यांना हात लावू न देणारी वडीलधारी माणसेही त्या दिवशी डावाला मुभा देत. आमच्या ओसरीवर मेंढीकोट मांडला जाई. पण पिसलेली पाने वाटण्याआधीच वाद उभा राही. एका घरात हुकूम बंद असे, म्हणजे एक पान पालथे घालून ठेवायचे आणि कुणाला उतारीचा रंग नसला म्हणजे ते उघडायचे. दुसऱ्या घरात असे पान ठेवण्याची चालच नव्हती, ज्याला रंग नाही त्याने टाकलेल्या पहिल्या पानाचाच हुकूम ठरे. ‘आमच्याकडे असं नसतं’ हे वाक्य दोन्हीकडून आले की आजोबा निवाडा करीत: पहिले तीन डाव वऱ्हाडाचे, पुढचे तीन खानदेशाचे. हा ठराव पाने वाटण्यापूर्वी झाला की सर्वमान्य होई. हातातली पाने पाहून कुणी तोच मुद्दा काढला, तर त्याला रडी म्हणत. कायदा बदलण्याचा अधिकार आणि कायदा बुडविण्याचा अपराध यांच्यामधली सीमारेषा मराठी मुलांना इतकी स्वच्छ ठाऊक होती, याचे मला आजही कौतुक वाटते.

अशी दुरुस्ती ही थोरामोठ्यांचीही रीत होती. गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळाचा आपल्याकडचा सर्वांत जुना उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात, १५२७ सालच्या नोंदीत सापडतो. त्याने हा खेळ सिंधमधील शाह हुसेनाकडे पाठविला होता. त्याचा नातू अकबर याने अश्वपती, गजपती, नरपती अशा बारा रंगांच्या जुन्या संचात स्वतः फेरफार केले, आणि चौपटाच्या धर्तीवर सोळा जणांनी एकत्र खेळावयाचा चंदल मंडल नावाचा विस्तीर्ण पट बसविला, असे अबुल फझलाने ‘आइन-इ-अकबरी’त नमूद केले आहे. याच बादशहाने १६०१ मध्ये असीरगड घेऊन फारुकींची सत्ता संपविली आणि खानदेश सुभ्याला शाहजादा दानियाल याच्या नावावरून दानदेश म्हटले. ते नाव टिकले नाही. खेळाचे मात्र पुढे दक्षिणेत निराळेच झाले: आठ रंगांच्या ९६ पानांचा फारसी गंजिफा सावंतवाडीच्या चित्रकारांच्या हाती आला तेव्हा त्याचे दहा अवतार आणि १२० पाने झाली, आणि दिवसा डाव रामाने उघडायचा, सूर्यास्तानंतर कृष्णाने, असा दंडक रूढ झाला. मोक्षपटाचे, म्हणजे जुन्या सापशिडीचे, तसेच. त्याचे कर्तृत्व परंपरेने ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. पण घरे मोजू गेले तर वैष्णव पटात ७२, जैन पटात ८४, म्हणजे जीवाने मोक्षाला जावयाची वाटही संप्रदायागणिक नव्याने आखलेली.

पाश्चात्त्य देशांत हीच गोष्ट अधिक वळणे घेत घडली. प्रशियात १८२४ साली राइसवित्स नावाच्या अधिकाऱ्याने लष्करी शिक्षणासाठी युद्धपट सिद्ध केला. नियमांचा भार इतका वाढला की १८७६ मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नुआ याने बहुतेक नियम बाजूला सारून अनुभवी पंचाच्या विवेकावर सर्व सोपविले. युद्धपटांच्या याच परंपरेतून, अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने निघाला. त्यात खेळाडू सोंगटी हलवीत नाही, तो स्वतःच योद्धा वा मांत्रिक होतो, आणि सूत्रधार त्याच्यापुढे जग उभे करतो. पुस्तिकांत जागोजाग पोकळ्या होत्या. त्या भरून काढण्यासाठी प्रत्येक मंडळाने आपला कायदा केला, आणि पुढील कल्पना वाचकांनी आपणच कराव्यात असे कर्त्यांनीच अखेरीस सांगून ठेवले होते. हे वाचताना मला आजोबांची ओसरी आठवते.

त्या ओसरीवर माझी धाकटी बहीण कच्चा लिंबू होती. पट मांडला की तिलाही चार सोंगट्या मिळत, तिचे दान मोजले जाई, पण तिची सोंगटी मारली तरी मरत नसे. मारणारा ती उचलून पुन्हा त्याच घरात ठेवी. छापील नियमांत हे कलम कुठेही नाही. सात वर्षांची झाल्यावर एका आखाजीला, कवड्या हातात घेण्यापूर्वी, तिने सर्वांच्या तोंडाकडे पाहून सांगितले, ‘या वेळी माझी मारा.’ आजोबांनी मान डोलावली. तिसऱ्या फेऱ्यात तिची पहिली सोंगटी मेली, आणि ती तिने स्वतःच्या हाताने पटाबाहेर काढून ठेवली.