वाटाण्याच्या रोपापासून मीनापर्यंत

इ. स. १९१२ सालीं लंडनहून मुंबईस परतलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांच्यापाशीं कॅमेरा होता, विद्या होती. पैसा मात्र नव्हता. चित्रपट काढण्यास कर्ज हवें होतें, आणि कर्ज देणारास चित्रपट ही वस्तु आपल्या देशांत तयार होऊं शकते हेंच आधीं पटवावयाचें होतें. फाळक्यांनीं त्यासाठीं व्याख्यान दिलें नाहीं. कुंडींत वाटाणा पेरला, कुंडीसमोर कॅमेरा पक्का बसविला, आणि दिवसामागून दिवस थोडीं थोडीं चित्रें टिपून रोप वर येण्याची सारी क्रिया पडद्यावरील एखाद्या मिनिटांत आणून बसविली. पाहणारांच्या डोळ्यांदेखत मातींतून अंकुर वर आला, पानें उलगडलीं, रोप वाढलें. कर्ज मिळालें, आणि पुढच्याच वर्षीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

हा व्यवहार धर्मादायाचा नव्हता, धंद्याचा होता. तथापि लोककार्य करणाऱ्या प्रत्येक संस्थेची अडचण नेमकी हीच असते. तिचें काम रोपासारखें वाढतें. तें वाढतांना कोणास दिसत नाहीं. गांवच्या विहिरीचें पाणी शुद्ध झालें म्हणजे जीं मुलें पटकीनें मरावयाचीं तीं मरत नाहींत. परंतु न घडलेल्या मरणाचें छायाचित्र कोण काढणार? देणगीदाराला वार्षिक अहवालांतील कोष्टक कंटाळवाणें वाटतें, आणि ज्यांच्यासाठीं काम चाललें आहे त्यांच्यापैकीं पुष्कळांना तें कोष्टक वाचतांच येत नाहीं. हातानें काढलेल्या चित्रांना गति देऊन तयार होणारा चित्रपट, ज्याला घरोघरीं कार्टून या नांवानेंच ओळखतात, तो अशा वेळीं संस्थांना जवळचा वाटला. अदृश्य तें दाखवावें, वर्षांचें तें क्षणांत आणावें, ही त्याची करामत. पण त्या करामतींत एक धोकाहि लपलेला असतो. रोप मिनिटांत उगवलेलें पाहून मधले दिवस विसरून जाणें फार सोपें.

अमेरिकेच्या दक्षिण भागांत विसाव्या शतकाच्या आरंभीं अंकुशकृमीचा रोग घरोघर पसरला होता. मलानें दूषित झालेल्या मातींतून अनवाणी पायांच्या कातडींत शिरणारा हा बारीक जंत आंतड्यांत जाऊन रक्त शोषतो. रोगी फिकट व निरुत्साही होतो आणि शेजारीपाजारी त्याला आळशी ठरवितात. १९०९ सालीं रॉकफेलर यांनीं दिलेल्या दहा लाख डॉलरांतून या रोगाविरुद्ध मोहीम निघाली. ठिकठिकाणच्या दवाखान्यांत शेतकरी सूक्ष्मदर्शक यंत्राला डोळा लावून जंताचीं अंडीं पाहात. परंतु प्रत्येक गांवीं यंत्र आणि डॉक्टर कोठून न्यावयाचे? १९२० सालीं रॉकफेलर प्रतिष्ठानच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य मंडळानें 'अनहुकिंग दि हुकवर्म' हा मूकपट काढला. तो देशोदेशीं फिरला. पायांतून आंतड्यांपर्यंतचा जंताचा प्रवास डॉक्टरांच्या शब्दांत बसत नव्हता, तो पडद्यावर बसला. यांत एक गोष्ट चांगली झाली: चित्रपटाच्या मागोमाग औषध व शौचकूपाचा आराखडा घेऊन येणारा माणूस होता. चित्रपट हा मोहिमेचा एक अवयव होता, मोहीम नव्हे.

याच घराण्यांतील पुढच्या पिढीचे नेल्सन रॉकफेलर दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत दक्षिण व मध्य अमेरिकेशीं संबंध राखणाऱ्या सरकारी कचेरीचे प्रमुख होते. त्यांच्या कचेरीसाठीं वॉल्ट डिस्ने यांनीं आरोग्यविषयक कार्टूनपटांची एक मालाच तयार केली. १९४३ सालच्या 'दि विंग्ड स्कर्ज' मध्यें हिवतापाचा डांस हा फरारी गुन्हेगार म्हणून जाहीर होतो, आणि त्याच्या पारिपत्यास कोण येतात? हिमगौरीचे सात बुटके. गाणें वाजत राहतें, डबक्यांवर तेल पडतें, खिडक्यांना जाळी लागते, आणि दहा मिनिटांच्या आंत घर निर्धोक होतें. कारागिरी पाहाल तर अप्रतिम. पण ज्या झोपडीला खिडकीच नाहीं तिथें जाळी कोठें लावावी, आणि तेलाचे पैसे कोणीं द्यावे, हा प्रश्न बुटक्यांना पडला नाहीं. मालेंतील पुढच्या चित्रपटांत हे लाडके बुटके पुन्हां दिसले नाहींत. साधे शेतकरी, साधीं घरें आलीं. करमणूक कमी झाली, अर्थ वाढला.

अशा आरोग्यपटांबद्दल एक गोष्ट निरनिराळ्या देशांतील खेड्यांच्या नांवांवर सांगितली जाते. पडद्यावर घोड्याएवढा डांस पाहून लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि म्हणतात, "आमच्याकडचे डांस बरे, इतके मोठे नाहींत." ती कोठें खरोखर घडली कीं नाहीं हा वाद बाजूस ठेवावा. शहरांत बसून खेड्यासाठीं चित्रें काढणारांनीं ती एकमेकांना सांगावी, आणि हंसून झाल्यावर तिच्यांत अडाणी कोण याचा विचार करावा, इतकी ती उपयोगी आहे. चित्र वाचावयाचें असतें, आणि वाचन शिकावें लागतें. जवळचें तें मोठें दिसतें, हा चित्रकाराचा संकेत ज्यानें पडदा कधीं पाहिला नाहीं त्याला ठाऊक असेलच असें नाहीं.

हा विचार मनांत धरून कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळांतील नॉर्मन मॅक्लॅरेन १९४९ सालीं युनेस्कोच्या वतीनें पश्चिम चीनमध्यें, चुंगकिंगजवळील पेहपेइ येथें गेले. देवीची लस टोंचून घेणें, डोळे निर्मळ राखणें, असे अगदीं साधे विषय होते. मॅक्लॅरेन हे कॅमेऱ्यावांचून, थेट फिल्मवर शाईनें चित्रें काढण्याबद्दल जगप्रसिद्ध. पण पेहपेइस त्यांनीं स्वतःची कला मिरविली नाहीं. तेथील चिनी चित्रकारांनाच शिकविलें, त्यांचींच भित्तिपत्रकें, त्यांच्याच चित्रपट्ट्या, आणि त्यांना परवडेल एवढेंच चलत्चित्र. त्यांच्या डोळ्यांसमोर राज्य पालटलें. कम्युनिस्ट सैन्य आलें. त्या दिवसांची छाया मनांत घेऊनच त्यांनीं १९५२ सालीं 'नेबर्स' हा लहानसा चित्रपट काढला. दोन शेजारी एका फुलासाठीं भांडतां भांडतां एकमेकांचा जीव घेतात, एवढीच त्याची कथा. लसटोंचणीच्या कामावर गेलेला कलावंत युद्धाविषयींचा असा चित्रपट घेऊन परततो, हें कोणत्याहि योजनेच्या अंदाजपत्रकांत लिहिलेलें नसतें.

भारतांत या विद्येचें रोप मुंबईंतच लागलें. फिल्म्स डिव्हिजनमध्यें १९५६ सालीं कार्टून विभाग निघाला आणि अमेरिकन साहाय्य योजनेखालीं क्लेअर वीक्स हे शिकविण्यास आले. हे डिस्नेंच्या कारखान्यांत वाढलेले. पण जन्म भारतांतला, मिशनरी आईबापांच्या पोटीं. त्यांच्या हाताखालीं जातककथेवरचा 'दि बनियन डिअर' १९५७ सालीं पुरा झाला. त्या खोलींत शिकलेल्या तरुणांत राम मोहन हे होते. पुढें १९६१ सालीं तेथें दाखल झालेले भीमसेन यांनीं १९७४ सालचा 'एक अनेक और एकता' सजविला. विजया मुळे यांच्या या लहानशा चित्रपटानें एका पिढीच्या मुलांना ऐक्याचा धडा असा दिला कीं, तो धडा होता हें त्यांना मोठेपणींच कळलें.

राम मोहन यांच्या हातून जें मोठें काम व्हावयाचें होतें तें अजून दूर होतें. दक्षिण आशियांतील राष्ट्रांच्या 'सार्क' संघटनेनें १९९० हें वर्ष व १९९१ ते २००० हें दशक मुलींच्या नांवें जाहीर केलें होतें. युनिसेफला मुलींविषयीं बोलावयाचें होतें, आणि तें भारत, पाकिस्तान, बांगलादेश व नेपाळ या चारहि देशांत एकाच चित्रानें. आतां येथें छायाचित्राची वाट बंद होते. खऱ्या मुलीला खरा चेहरा असतो, खरें गांव असतें, आणि पोषाखावरून, कपाळावरील कुंकवावरून किंवा त्याच्या अभावावरून तिचा धर्म व देश चटकन ओळखूं येतो. तिचें दुःख चारहि देशांत फिरविलें म्हणजे ती जन्मभर त्या दुःखाची मुलगी होऊन बसते. रेषेनें काढलेल्या मुलीला हा त्रास नाहीं. ती कोणाचीच नव्हे, म्हणून प्रत्येकाची होऊं शकते.

परंतु 'होऊं शकते' म्हणजे आपोआप होते असें नव्हे. हजारो मुलांना व पालकांना चित्रें दाखवून विचारण्यांत आलें: ही तुम्हांला आपली वाटते काय? घर कसें असावें, आई कशी बसावी, मुलीनें काय नेसावें? नांव असें शोधलें कीं तें हिंदु घरांतहि चालेल व मुसलमान घरांतहि. तें सांपडलें, 'मीना'. वेष असा ठरला कीं चारहि देशांना तो आपल्याजवळचा वाटावा. सोबतीला भाऊ राजू आला, आणि मिठू नांवाचा पोपट. कलावंताला ही परीक्षा सोसणें सोपें नसतें. आपण काढलेली रेघ एखाद्या खेडवळ बाईनें "आमच्याकडे असें नसतें" म्हणून खोडावी आणि आपण ती मुकाट्यानें पुसावी, याला कलेहून निराळी एक शिस्त लागते. आणि ती रेघ म्हणजे एकच रेघ नव्हे. पडद्यावर सेकंदास चोवीस चित्रें सरकतात. दहा मिनिटांच्या गोष्टींत १४,४०० चौकटी भरतात. एकेक चित्र दोनदां वापरलें तरी सात हजारांवर चित्रें हवींत. चुकीची ओढणी सात हजार वेळां चुकते.

मीनाची एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. तिला शाळेंत जावयाचें आहे, पण घरचें काम सोडून जाणार कशी? ती मिठूला शाळेच्या खिडकीशीं धाडते. पोपट पाठ ऐकून येतो आणि तिला अंक शिकवितो. त्या अंकांच्या बळावर ती घरच्या कोंबड्या मोजते, एक कमी भरते, आणि चोर उघडकीस येतो. बापाला शाळेची किंमत व्याख्यानानें कळत नाहीं, कोंबडीनें कळते. दुसऱ्या एका गोष्टींत आंब्याची वांटणी आहे: राजूला मोठा वांटा, मीनाला लहान. मग एक दिवस दोघें आपापल्या कामांची अदलाबदल करतात, आणि दिवस मावळेपर्यंत राजूची दमछाक होते. येथें युनिसेफचा बिल्ला मिरवीत कोणी साहेब येऊन समेट करीत नाहीं. संस्थेनें स्वतःस कथेंतून वगळलें, हेंच तिचें शहाणपण. डिस्नेंचे बुटके बाहेरून आले व काम आटोपून गेले. मीना त्याच घरांत राहते, आणि उद्यां पुन्हां आंबा वांटावयाचा असतोच.

बांगलादेशांत तिचें कौतुक सर्वांत अधिक झालें. तेथें २४ सप्टेंबर हा 'मीना दिवस' म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रांतील शाळांत 'मीना-राजू मंच' स्थापन झाले. तेथें शाळा सोडूं पाहणाऱ्या मुलीच्या घरीं तिच्या मैत्रिणीच जातात. चित्रांतली मुलगी पडद्यावरून उतरून वर्गांत आली, असें म्हणावयास हरकत नाहीं. मात्र ती उतरली ती कोणी शिक्षक, कोणी शिक्षिका रोज खपली म्हणून. या श्रमाचा चित्रपट अद्याप कोणीं काढलेला नाहीं.

रेषेचा आणखी एक उपयोग याहून नाजूक. लहान मुलांवर घरच्याच ओळखीच्या माणसाकडून होणारा अत्याचार हा विषय असा कीं, त्यांत खरें मूल दाखविणें हाच दुसरा अत्याचार ठरावा. मुंबईंत १९९६ सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आधारानें संकटग्रस्त मुलांसाठीं टेलिफोनची सोय सुरू झाली. तिच्यांतून वाढलेल्या चाइल्डलाइन संस्थेनें 'कोमल' हा कार्टूनपट पुढें आणला. तो घडविला भीमसेन यांचे पुत्र किरीट खुराना यांनीं. वीक्स यांच्या वर्गाची रेघ अशी फिरत फिरत येथें पोंचली. कोमल ही लहान शाळकरी मुलगी. घरोब्याचा एक गृहस्थ तिच्याशीं वाईट वागतो, ती मिटून जाते, आणि अखेर आईला सांगते. चित्रें मऊ आहेत, रंग उजळ आहेत, आणि म्हणूनच वर्गांत बसलेलीं मुलें शेवटपर्यंत पाहूं शकतात. संस्थेनें किती मुलें वांचविलीं याचा एकहि आंकडा त्यांत नाहीं.

तो पाहून एखादें मूल बोलावयास धजलें तर दुसऱ्या टोंकाला कोणीतरी जागें असावें लागतें, आणि तशीं माणसें रात्रीबेरात्रीं तेथें बसत आलीं. २०२३ पासून ही सोय टप्प्याटप्प्यानें सरकारी यंत्रणेच्या हातीं गेली. मुलांनीं पाठ केलेला क्रमांक मात्र तोच राहिला: १०९८.