एप्समचे मीठ आणि रात्रीचे गोळे

मध्यरात्री पोटरीत गोळा यावा, झोप उडावी आणि पाय चोळत बसावे, हा अनुभव उतारवयात अनेकांना येतो. मग कोणीतरी सांगते, 'मॅग्नेशियमच्या गोळ्या घ्या.' खनिजांवरचा हा भरवसा बराच जुना आहे.

लंडनजवळच्या एप्सम गावी १६१८च्या उन्हाळ्यात एका डबक्याचे पाणी गुरे तोंडी लावेनात, अशी हकिकत सांगतात. पाणी कडू, पण त्याने पोट साफ होई. पुढे तेथे रोग्यांची रीघ लागली. १६९५ मध्ये नेहेमाया ग्रू यांनी या कडू मिठावर ग्रंथ लिहिला. जोसेफ ब्लॅक यांनी १७५५ मध्ये मॅग्नेशिया चुन्याहून वेगळा असल्याचे दाखवले, तर १८०८ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने त्यातला धातू मोकळा केला. तोच मॅग्नेशियम.

झोपेसाठीही माणूस क्षारांकडेच वळला. १८५७ मध्ये चार्ल्स लोकॉक यांनी फेफऱ्यावर पोटॅशियम ब्रोमाइड वापरल्याचे सांगितले. पुढे ते झोपेचे औषध म्हणूनही घरोघरी गेले. पण ब्रोमाइड शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. रोज घेतले की साठत जाते. रोगी गोंधळे, त्याला भास होत. झोपेसाठी घेतलेले औषधच आजार होऊन बसे.

मॅग्नेशियम स्नायूंना आणि नसांना लागतेच. त्याची खरीच कमतरता असेल, तर ती भरून काढायला हवी. पण सरसकट सगळ्यांना गोळ्यांचा उपयोग होतो का? कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये ११ चाचण्या आणि ७३५ व्यक्तींच्या नोंदी तपासल्या. वृद्धांचे गोळे मॅग्नेशियमने म्हणण्यासारखे कमी होण्याची शक्यता नाही, असा निष्कर्ष निघाला. गर्भवतींबाबतचे निष्कर्ष परस्परविरोधी होते. शिवाय मूत्रपिंड अशक्त असेल, तर मॅग्नेशियमही शरीरात साठते.

यावर साधा उपाय आहे. नेदरलँड्समध्ये पंचावन्न वर्षांवरील ८० जणांवर झालेली एक चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. झोपण्यापूर्वी पोटऱ्या आणि मांडीचे मागचे स्नायू ताणणाऱ्यांना सहा आठवड्यांत गोळे कमी वेळा आले. चाचणी लहान होती खरी. पण भिंतीला हात टेकून पोटरी ताणायला खर्च नाही. गोळे वारंवार येत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. गोळी घ्यायची की नाही, हे तपासणीनंतर ठरू द्या. कडू मिठाच्या कीर्तीवरून नव्हे.