जाडें अक्षर, गोल अक्षर



सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यानें सायंकाळीं जातांना एका पाटीवर 'मांडार' असा शब्द मीं वाचला आणि थबकलों. जवळ गेल्यावर उलगडा झाला. तें 'भांडार' होतें. अक्षरें इतकीं पुष्ट आणि वाटोळीं काढलेलीं, कीं 'भ'च्या माथ्यावरील मोकळी जागा रंगाखालीं बुजून गेली होती.

आपली नागरी लिपि बोरूच्या तिरक्या टोकांतून उतरली. म्हणून तिची रेघ एकीकडे जाड, एकीकडे बारीक. १८६४ सालीं जावजी दादाजींनीं मुंबईस टाइपाचा कारखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनीं त्यांच्यासाठीं जे ठसे कोरले, त्यांतहि बोरूचें हें वळण राहिलें, आणि पुढें निर्णयसागरच्या ग्रंथांतून तें घरोघर गेलें. पण पाटी ही निराळी वस्तु आहे. तिचा वाचक चालत असतो, गर्दींत असतो, आणि नागपूरच्या उन्हांत बारीक रेघ त्याला दिसतच नाहीं. म्हणून पाटी रंगविणाऱ्यानें रेघ सर्वत्र सारखी जाड केली, टोकें गोल केलीं.

अलीकडे संगणकासाठीं अशीं अक्षरें मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनें घडविलीं. सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांचें 'मोदक' नांवाप्रमाणेंच फुगलेलें आहे. अक्षराच्या पोटांतील पोकळीच्या केवळ चिरा उरतात, मोदकाच्या दोन कळ्यांमधल्या घडीसारख्या. मिठाईवाल्याच्या एका शब्दाला तें शोभेल. सबंध पत्ता त्यांत लिहूं नये. २०१५ च्या सुमाराचें 'बलू' अधिक संयमी. त्याच्या इतर लिपींतील भावंडांचीं नांवें मोठीं गोड आहेत : बंगालींत दा, गुरुमुखींत पाजी, गुजरातींत भाई, तमिळांत तंबी.

या अक्षरांना आतां कायद्याचेंहि निमित्त मिळालें आहे. दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर इतर लिपीच्या अक्षराहून लहान असूं नये, असें महाराष्ट्रांत २०२२ च्या दुरुस्तीनें ठरलें. पण हें मोजावयाचें कसें? रोमन लिपीचें मोठें अक्षर आपली सारी उंची एकटेंच भोगतें. नागरीला त्याच उंचींत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खालीं उकार यांची सोय लावावी लागते. अक्षराच्या अंगाला उरतें तें थोडें. फूटपट्टी समान म्हणते, डोळा मराठीला लहान ठरवितो. मग दुकानदार अक्षर जाड करवून घेतो, आणि येथेंच फसगत होते. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांना वेगळें राखण्यांत शिरोरेषेंतल्या खंडाचा मोठा वाटा आहे. रेघ फुगली, कीं पहिला घास त्या खंडाचा.

त्या दुकानदारास मीं सुचविलें कीं, पाटी उतरवूं नका. फक्त 'भ'च्या माथ्यावर बोटभर जागा पुन्हां मोकळी करवून घ्या. ते हसून म्हणाले, "ओळखतात जी सारे!"