गव्हर्नर ते पीआयडी, व्हाया सातारा रोड

आरसी विमानाच्या फ्लाइट कंट्रोलरची सेटिंग्ज उघडली की नवख्याला घाम फुटतो. शेकडो आकडे, आणि त्यात पी, आय, डी ही अक्षरं पुन्हा पुन्हा! मग बहुतेक जण दुसऱ्याचे आकडे सरळ कॉपी-पेस्ट करतात. माझं मत विचाराल तर हे आकडे वाचायला आधी डिझेल इंजिन समजून घ्यावं. त्यासाठी आपला सातारा-सांगलीचा पट्टा झकास.

पुणे-मिरज लाइनवर सातारा रोड स्टेशन लागतं. तिथे धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला आणि १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं बनवली. त्याच लाइनवर पुढे सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी, १९१० सालची. तिथले नांगर आणि पंप. इंजिनाने पंप ओढायचा, पंपाने पाणी!

आता अशा इंजिनाला गव्हर्नर लागतोच. लोड आला की वेग पडतो, फिरणारे गोळे आत येतात आणि डिझेल वाढतं. जितकी चूक, तितकी दुरुस्ती. हाच आपला पी. पण त्यात एक गोम आहे. जास्तीचं डिझेल मिळत राहायला गोळे थोडे आतच राहावे लागतात, म्हणजे लोडवर वेग किंचित कमीच राहतो. बरं, गव्हर्नर फार तिखट केला, तर वेग सारखा वर-खाली होतो.

(गंमत म्हणजे १९३७ साली गव्हर्नरच्या विशेषाधिकारांवरून काँग्रेसने आधी मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला, तेव्हा मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले ते हेच कूपर. गव्हर्नर काही त्यांची पाठ सोडेना!)

उरलेल्या चुकीचं काय करायचं? मॅक्सवेलने १८६८ च्या निबंधात हा फरक नेमका मांडला होता. चूक साठवत जाऊन ती शून्य होईपर्यंत दुरुस्ती करणारा, तोच त्याच्या लेखी खरा गव्हर्नर. हा झाला आय. आणि १९२२ मध्येच, म्हणजे कूपरांच्या कारखान्याच्याच वर्षी, मिनोर्स्कीने जहाजाच्या सुकाणूचं गणित छापलं. मुरलेला सुकाणूवाला नुसती चूक बघत नाही, ती किती वेगाने बदलतेय तेही बघतो. तो डी.

आता विमानाकडे या. पी जास्त झाला की पंख थरथरतात. विमान सतत एका बाजूला ओढत असेल तर ते आय सावरतो. डी थरथर दाबतो, पण फार वाढवला तर सेन्सरचा गोंगाटही मोठा करतो. फिक्स्ड-विंगमध्ये खरा भार उचलतो तो चौथा गडी, फीड-फॉरवर्ड. कारण एलेरॉन जितका वळवाल, तितक्या वेगाने विमान कलतं. मग चूक होण्याची वाट कशाला बघायची? त्यात वेग वाढला की तेवढंच वळण जास्त चावतं. म्हणून आर्डूपायलट हवेतल्या वेगानुसार दुरुस्ती कमी-जास्त करतो.

थोडक्यात, त्या फाइलमध्ये कुणाचा तरी पंख, सर्व्हो आणि वेग लिहिलेला असतो. एका इंजिनाची स्प्रिंग दुसऱ्याला बसवून कुठलाही मेस्त्री गप्प बसणार नाही, तो कान देऊन परत जुळवेल. तिथे चुकलं तर पंप धडधडतो. इथे विमान कुणाच्या तरी डोक्यावर येऊ शकतं. तेव्हा कॉपी-पेस्ट करण्याआधी मोकळ्या माळावर, पुरेशा उंचीवर एकदा ऑटोट्यून जरूर करा.