धन्वंतरीच्या नांवावरील देवीच्या लसीचा उतारा

गाईच्या स्तनावरील फोडांतील लस टोंचून देवीच्या रोगापासून माणसाचा बचाव करण्याची रीत प्राचीन भारतवर्षांत ठाऊक होती, असें विधान अद्यापि केलें जातें. त्यास आधार म्हणून धन्वंतरीच्या नांवाचा एक उतारा पुढें करण्यांत येतो. तो कोठून आला हें पाहणें जुने कागद व पोथ्या हाताळणारांस बोधप्रद होईल.

जेन्नरचा ग्रंथ इ. स. १७९८ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याची लस व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद व बसरा या मार्गानें मुंबईस आली आणि ता. १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नामक तीन वर्षांच्या मुलीस ती प्रथम लागली. तेथून ती एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी इतर प्रांतांत गेली. लोक मात्र तिच्याकडे साशंकतेनें पाहत. बंगालसारख्या प्रांतांत टीकादार माणसाच्याच देवीची लस पूर्वींपासून टोंचीत असत. त्या रीतींत पथ्य होतें, शीतलेची पूजा होती आणि गुणाचा अनुभवही होता. नव्या रीतींत पूजा नव्हती; शिवाय परक्या जातीच्या मुलाच्या अंगांतील द्रव आपल्या मुलाच्या अंगांत घालावा लागे.

हा संकोच जुन्या ग्रंथाच्या आधारानें दूर होईल, असें कांहीं इंग्रजांस वाटूं लागलें. बरेलीच्या गिल्मन नामक शस्त्रवैद्याकडून असा एक संस्कृत पाठ पुढें आला, परंतु डॉ. शूलब्रेड यानें १८०५ मधील आपल्या अहवालांत तो प्रक्षिप्त ठरविला. नंतर ता. १२ जानेवारी १८१९ च्या 'मद्रास कूरियर' पत्रांत टोपणनांवानें एक पत्र छापलें गेलें. गाईच्या स्तनावरील किंवा माणसाच्या दंडावरील फोडांतील द्रव शस्त्राच्या टोंकावर घेऊन, रक्त दिसेपर्यंत दंडावर टोंचावा, असा धन्वंतरीचा म्हणून दिलेला उतारा त्यांत आहे.

अंतर्गत पुराव्यावर हा उतारा टिकत नाहीं. सुश्रुतसंहिता, माधवनिदान व भावप्रकाश यांत मसूरिकेचें वर्णन आहे. गाईच्या लसीचें नांव कोठेंही नाहीं. उलट उताऱ्यांतील कृति जेन्नरच्या अनुयायांच्या कृतीशीं जुळते. मद्रासचा विद्वान अधिकारी एफ्. डब्ल्यू. एलिस यानें ब्राह्मणांचें मन वळविण्यासाठीं लसीवर संस्कृत पद्य रचून तें जुन्या कागदावर उतरविलें, असें एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज ग्रंथकारांनींच नमूद केलें आहे. वरील पत्रही त्याच्याच हातचें असावें, असा संशोधकांचा तर्क आहे. नवल असें कीं, 'एझुर्वेदम्' नामक बनावट वेदाचें स्वरूप उघड करणारा निबंधही याच एलिसचा. तो त्याच्या मृत्यूनंतर १८२२ मध्यें 'एशियाटिक रिसर्चेस'मध्यें छापला गेला.

म्हणून हा उतारा टाकून देऊं नये. त्याचा काळ मात्र बदलावा. धन्वंतरीविषयीं तो कांहींच सांगत नाहीं. प्रजेची शंका शास्त्रवचनानें मिटेल असें मानणाऱ्या कारभाऱ्यांच्या मनाचा तो अस्सल पुरावा होय. लोकांची शंका टोंचणारा कोण, द्रव कोणाचा व देवीची पूजा कां नाहीं, या साध्या प्रश्नांतून उपजलेली होती. तिला श्लोकानें उत्तर मिळणारें नव्हतें. आणि एतद्देशीय विद्येचा अभिमान धरावयाचा, तर टीकादारांची रीत त्या काळच्या लेखांनीं सिद्ध आहे. तिच्या शेजारीं हा उसना पुरावा ठेवल्यानें खऱ्याचाच मान उणावतो.